भीतवर लिखेल

पारोळे तालुक्यातील माझ्या आजोळी नागपंचमीच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघराची एक भिंत पोतारली जाई. आदल्या दिवशी अशासाठी, की पंचमीला जमीन खणायची नाही, काही चिरायचे नाही आणि चुलीवर तवा ठेवायचा नाही, असा त्या घराचा दंडक होता. म्हणून गावाबाहेरून पांढरी माती खणून आणण्याचे, ती चाळून भिजत घालण्याचे आणि भिंतीवर तिचा हात फिरवण्याचे काम चतुर्थीच्या संध्याकाळपर्यंत उरकावे लागे. भिंत मुळात मातीचीच होती. धाब्याचे घर, हातभर जाडीच्या भिंती, त्यांवर माती, शेण आणि गव्हाचा भुसा यांचे लिंपण, आणि त्या लिंपणावर पांढऱ्या मातीचा पातळ पोतारा, असे थर तिच्यावर वर्षानुवर्षे चढत आलेले होते. रात्रभरात ती वाळली, की सकाळी तिचा रंग शिळ्या ताकासारखा दिसे. मग आजी करवंटीत गेरू कालवी, तुराटीच्या काडीला कापूस गुंडाळी, आणि माझ्या हाती ती काडी देऊन म्हणे, “पोरी, भीतवर नागोबा लिखी दे वं.”

त्या वर्षी मी तिसरीत होते आणि शाळेत नुकतेच शिकले होते, की अक्षरे लिहायची असतात आणि चित्रे काढायची असतात. मी आजीला तसे सांगितले. नागोबा लिहीत नाहीत, काढतात, असे मी म्हणाले, आणि तिला दोन-तीनदा तो शब्द म्हणायलाही लावला. तिने तो म्हटला, कारण नातीचे मन तिला मोडायचे नव्हते, पण काडी गेरूत बुडवता बुडवता ती स्वतःशी बोलल्यासारखी म्हणाली, “आमी ते लिखतस.” आम्ही तर लिहितो. तिला सही करता येत नव्हती. पाटी तिने आयुष्यात हाती धरली नव्हती. त्यामुळे तिच्या तोंडी लिहिणे हा शब्द चुकूनच आलेला असणार, अशी माझी तेव्हा खात्री होती आणि पुढेही बरीच वर्षे ती तशीच राहिली.

ती खात्री एका संस्कृत शब्दाने ढळली. मराठी शिकवण्याच्या नोकरीत वर्गाला ‘आलेख’ हा शब्द समजावून सांगायची वेळ आली, म्हणून मी शब्दकोश उघडला, तर शेजारीच ‘आलेख्य’ हा शब्द होता आणि त्याचा अर्थ होता चित्र. लिहिलेला मजकूर असा अर्थ त्याला आहेच, परंतु जुन्या संस्कृत काव्य-नाटकांत आलेख्य म्हणजे रंगवलेले चित्र, आणि चित्र ‘लिहिले’ जाते, हा तिथला रोजचा वापर आहे. उषेच्या स्वप्नात आलेला तरुण कोण, हे शोधण्यासाठी जिने देवांची, दानवांची आणि राजांची चित्रे तिच्यासमोर रेखाटली, त्या सखीचे नावच चित्रलेखा आहे. ‘लिख्’ या धातूचा मूळ अर्थ खरवडणे, ओरखडा उमटवणे असा आहे. टोकदार वस्तूने मऊ पृष्ठावर ओढलेली खूण एवढेच त्याला अभिप्रेत होते. ती खूण अक्षराची आहे की सापाच्या फण्याची, हा भेद नंतरचा. मराठीने तो भेद स्वीकारला, लिहिणे अक्षराला दिले, चित्रासाठी काढणे वापरले. माझ्या आजोळच्या अहिराणीत मात्र, निदान बायकांच्या तोंडी आणि निदान सणाच्या भिंतीपुरता, तो जुना अर्थ शिल्लक राहिला होता. तिसरीतल्या मुलीने ज्या बाईची चूक सुधारली, तिच्या बोलण्याला दोन हजार वर्षांचा आधार होता, हे समजले तेव्हा ती बाई हयात नव्हती.

हे केवळ आमच्या घरापुरते नाही. सातपुडा ओलांडून नर्मदेपलीकडे गेले, की अलीराजपूर-झाबुआच्या भिल्लांत आणि गुजरातेतील छोटा उदेपूरच्या राठव्यांत बाबा पिथोरा या देवाचे भिंतचित्र करण्याची रीत आहे. नवस फिटला, की घराच्या ओसरीवरची आतली भिंत शेणामातीने सारवून पांढऱ्या मातीने माखतात. राठव्यांत हे सारवण कुमारिकांकडे असते. मग त्या भिंतीवर देवांचे घोडे येतात, शेत येते, सूर्यचंद्र येतात, आणि शेवटी बडवा, म्हणजे त्यांचा पुजारी, ती भिंत पाहून एकेका आकृतीची ओळख पटवतो. पिथोरा करणाऱ्याला भिल्ल ‘लिखिंदरा’ म्हणतात आणि राठवे ‘लखारा’ म्हणतात. दोन्हींचा अर्थ एकच, लिहिणारा. आणि लिहिणारा आहे म्हणून वाचणाराही आहे. ज्या चित्राला लिहिलेले म्हणतात, त्याला कोणीतरी वाचावे लागते आणि काही राहून गेले असेल तर ते लिहून पुरे करावे लागते, हे मला चित्रकलेच्या कोणत्याही पुस्तकी व्याख्येपेक्षा अधिक पटते. आमच्या भिंतीवरही आजी शेवटी बोट फिरवून मोजत असे, नाग किती, त्यांची पिले किती, वारूळ आले का, डोळे राहिले का.

छापील मराठीत या सगळ्याला भित्तिचित्र असा एक शब्द आहे. शब्द चांगला आहे. परंतु तो नेहमी सरकारी कागदावर, संग्रहालयाच्या पाटीवर किंवा स्पर्धेच्या पत्रकावर भेटत असल्यामुळे त्याच्या पोटात काय आहे, ते सहसा कोणी पाहत नाही. मी ते पाहिले, आणि मला सर्वांत जास्त आनंद त्याच्या पहिल्या अर्ध्या भागाने दिला. ‘भित्ति’ हा शब्द ‘भिद्’ या धातूपासून आला आहे. भिद् म्हणजे फोडणे, चिरणे. भेद, भेदणे, भिन्न हे शब्द त्याचेच. संस्कृत कोशात भित्तीचे पहिले अर्थ फोडण्याची क्रिया आणि फोडलेला तुकडा असे आहेत, त्यानंतर चिरलेल्या बोरूची किंवा वेताची चटई असा अर्थ येतो, आणि मग भिंत. दगडामातीच्या भिंतीला चिरणे या क्रियेवरून नाव का मिळावे, हे शहरातल्या माणसाला उलगडणार नाही. पण ज्याने खान्देशात कुडाचे घर पाहिले आहे, त्याला ते सांगावे लागत नाही. तुराट्या नाहीतर पऱ्हाट्या उभ्या रोवायच्या, बांबू चिरून त्याच्या कांबींनी त्या आवळायच्या, आणि दोन्ही बाजूंनी माती लिंपायची, की कूड तयार होतो. चिरलेल्या बोरूची ती चटई हीच आपल्या भिंतीची पूर्वज असावी, असे मला वाटते. भिंत आधी विणली गेली आणि मग लिंपली गेली, चित्र त्या लिंपणावर आले, आणि हा क्रम शब्दाने अजून धरून ठेवला आहे.

याच भित्तीपासून हिंदीत आणि अहिराणीत भीत झाली, आणि मराठीने तिला एक अनुस्वार देऊन भिंत केले. भित्ति म्हणजे ज्यावर चित्र उमटते ते पृष्ठ, असाही अर्थ संस्कृतात रुळला होता. अकराव्या शतकातील काश्मिरी आचार्य क्षेमराज यांच्या ‘प्रत्यभिज्ञाहृदयम्’ या छोट्या ग्रंथाचे दुसरे सूत्र असे आहे : “स्वेच्छया स्वभित्तौ विश्वम् उन्मीलयति.” चिती, म्हणजे चैतन्य, आपल्या इच्छेने, आपल्याच भिंतीवर हे विश्व उलगडते. तत्त्वज्ञानाचा मुद्दा मी बाजूला ठेवते, तो माझा विषय नाही. मला त्यातली भिंत महत्त्वाची वाटते. सगळे विश्व उघडून दाखवायचे, तर आचार्यांना दाखला म्हणून रंगवण्याची भिंतच सुचली, आणि क्रियापदही त्यांनी चितेऱ्याच्या कामाला लागू पडेल असेच घेतले. उन्मीलन म्हणजे डोळा उघडणे. मूर्ती पुरी झाली, की शेवटी तिचे डोळे उघडायचे, हा विधी शिल्पशास्त्राला ठाऊक आहे आणि त्याला नेत्रोन्मीलन म्हणतात. आमच्याकडे नागाचा डोळा चुन्याच्या थेंबाने सर्वांत शेवटी घालत. आजीला नेत्रोन्मीलन हा शब्द माहीत नव्हता, पण डोळा घालण्याआधी ती पदर डोक्यावरून घेत असे.

येथे शिक्षिका म्हणून एक गोष्ट सांगितल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. शहराच्या भिंतींवर आणि स्पर्धांच्या फलकांवर हा शब्द ‘भित्तीचित्र’ असा दीर्घ वेलांटीने लिहिलेला दिसतो. मराठीत तत्सम इकारान्त शब्द एकटा आला, तर त्याचा शेवट दीर्घ लिहितात, म्हणून भित्ती, शक्ती, बुद्धी. पण तोच समासात पहिल्या जागी आला, की मूळचा ऱ्हस्व परत येतो, म्हणून भित्तिचित्र, शक्तिपीठ, बुद्धिबळ. हा नियम मला नुसता व्याकरणाचा कधी वाटला नाही. एकटी असताना भित्ती पाय लांब करून बसते आणि चित्र शेजारी आले, की जरा आवरून घेऊन त्याला जागा देते, असे मी मुलांना सांगत असे, आणि ती उदाहरणे मुले पुढे विसरत नसत.

राहिले चित्र. वेदांच्या संस्कृतात चित्र म्हणजे लखलखीत, ठळक, नजरेत भरणारे. त्यातून ठिपक्याठिपक्यांचे, रंगारंगांचे असा अर्थ आला आणि चितळ, चित्ता हे शब्द त्याच अर्थाने आपल्याकडे वावरतात. तसबीर हा अर्थ नंतरचा. चित्रे करणारा तो चितारी. नागपुरात त्यांची चितारओळ अजून आहे. चितारणे हे क्रियापद मात्र आता चित्रकारांनी सोडून दिले आहे आणि ते समीक्षकांकडे गेले आहे. लेखक व्यक्तिरेखा चितारतो, चित्रकार चित्र काढतो. आणि हे ‘काढणे’ तरी किती विलक्षण आहे! विहिरीतून पाणी काढतात, पायातून काटा काढतात, तसेच भिंतीतून चित्र काढतात, जणू ते आत होतेच आणि हाताने नुसते बाहेर आणले. मी तिसरीत आजीला जो शब्द शिकवला, तोही काही वाईट नव्हता, एवढे समाधान मला आहे.

जळगावात नळाला येणारे पाणी वाघूर धरणाचे असते. ही वाघूर अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते, घोड्याच्या नालेसारख्या त्या कड्याला वळसा घालते, लेण्यांच्या पायथ्याने वाहत उत्तरेकडे खान्देशात उतरते आणि तापीला मिळते. लेणी संभाजीनगर जिल्ह्यात आहेत, खान्देशात नव्हेत. परंतु जळगावापासून ती सुमारे ६० किलोमीटरवर आहेत, आणि आगगाडीने येणारे पुष्कळ लोक आजवर जळगावला उतरूनच तिकडे गेले आहेत. भित्तिचित्र हा शब्द मी पहिल्यांदा तेथेच, शाळेच्या सहलीत ऐकला. एका अंधाऱ्या लेण्यात आमच्या बाईंनी तो उच्चारला आणि आम्ही सर्वांनी तो मोठ्याने म्हटला. पुढे मी विद्यार्थ्यांना घेऊन कितीतरी वेळा तेथे गेले, आणि प्रत्येक खेपेस मला चित्रांच्या कडेला, जेथे रंग गळून पडला आहे, तेथे अधिक वेळ उभे राहावेसे वाटू लागले. कारण तेथे भिंत दिसते.

तेथे उघड्या पडलेल्या थरांत जे दिसते, ते माझ्या आजोळच्या भिंतीपेक्षा फार वेगळे नाही. काळ्या कातळावर छिन्नीचे घाव मुद्दाम खडबडीत ठेवलेले, म्हणजे लिंपण धरून राहते; त्यावर माती, भाताचे तूस, गवत आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेला जाड थर; त्यावर आणखी बारीक मातीचा हात; त्यावर पांढऱ्याचा पातळ पोतारा; आणि मग रंग. तांबडा आणि पिवळा गेरूच्या जातीच्या मातीचा, हिरवा हिरव्या मातीचा, काळा काजळीचा. निळा तेवढा दुरून आला. तो लाजवर्दाचा खडा अफगाणिस्तानातील बदख्शानचा. रंग भिंतीला धरून राहावा, म्हणून त्यात डिंकासारखा किंवा सरसासारखा चिकट पदार्थ मिसळलेला असे. भिंत अशी तयार करण्याला शिल्पग्रंथांनी भूमिबंधन असे नाव दिले आहे. भिंतीला भूमी म्हटले आहे, म्हणजे पीक जेथे उभे राहायचे ती जमीन. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात या भूमीसाठी विटांचे चूर्ण, माती, गुग्गुळ, मेण, गूळ असे साहित्य सांगितले आहे, आणि ते वाचताना ग्रंथ वाचतो आहोत की आजीच्या पोताऱ्याची तयारी पाहतो आहोत, असे मला होऊन जाते.

म्हणूनच या चित्रांना वर्तमानपत्रांत कोणी फ्रेस्को म्हटले, की मला ते खटकते. फ्रेस्को हा इटालियन शब्द. त्याचा अर्थ ताजा. चुन्याचा गिलावा ओला असतानाच त्यावर नुसत्या पाण्यात कालवलेला रंग लावायचा, चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन कठीण होत जातो आणि रंगाचे कण आपल्यात कोंडून घेतो, ही ती रीत. तेथे गिलावा वाळण्याआधी हात उरकावा लागतो, म्हणून रोज जेवढे रंगवता येईल तेवढाच गिलावा करतात. अजिंठ्यात भिंत आधी वाळली आहे आणि मग तिच्यावर रंग आला आहे. ही कोरड्या भिंतीची चित्रे आहेत, आणि कोरड्या भिंतीचे गुणदोष दोन्ही त्यांच्यात आहेत. चितेऱ्याला घाई करावी लागली नाही, म्हणून पहिल्या लेण्यातील पद्मपाणीच्या पापणीवर तो हवा तितका वेळ थांबू शकला. आणि रंग भिंतीत न मुरता तिच्यावर बसलेला राहिला, म्हणून ओल, कीड आणि वटवाघळे त्याला खाऊ शकली. एका परक्या शब्दामुळे हा सगळा फरक पुसला जातो. त्यापेक्षा आपले भित्तिचित्र बरे. ते भिंत ओली की कोरडी, याबद्दल खोटे काही सांगत नाही.

दहाव्या लेण्यात मला लिहिण्याचा दुसरा अर्थ भेटला. या लेण्यात इसवी सनापूर्वीची, अजिंठ्यातील सर्वांत जुन्या चित्रांपैकी काही आहेत. तेथील खांबावरच्या एका रंगवलेल्या आकृतीवर जॉन स्मिथ या मद्रासच्या घोडदळातील इंग्रज अधिकाऱ्याने आपले नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख कोरून ठेवली आहे. वाघाच्या शिकारीला निघालेल्या या माणसाने लेणी बाहेरच्या जगाला दाखवली, असे आपण मुलांना सांगतो, आणि ते खरेही आहे. त्या वेळी लेण्यात माती साचलेली असल्यामुळे तो उंचावर उभा होता. म्हणून आज त्याची अक्षरे आपल्या डोक्याच्या वर दिसतात. लिख् म्हणजे खरवडणे हा कोशातला अर्थ मी तेथे डोळ्यांनी पाहिला. त्याच डोंगरात दोन क्रमांकाच्या लेण्यात आर्यशूराच्या जातकमालेतील, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांतील, श्लोक चित्राबरोबर कुंचल्याने लिहिलेले आहेत. तेथे अक्षर आणि चित्र एकमेकांना धरून आहेत, एकाच भिंतीवर, एकाच रंगात. एक लिहिणे भिंतीला काही देण्यासाठी आहे आणि दुसरे तिच्यातून घेण्यासाठी. दोन्हींना आपण एकच क्रियापद वापरतो, आणि मुलांना तेथे नेले, की मी हे त्यांना आवर्जून दाखवीत असे.

भिंतीवरून चित्र सोडवून न्यायचे प्रयत्नही झाले. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला १८४४ साली चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमले गेले आणि त्याने पुढची कितीतरी वर्षे मोठमोठ्या कापडांवर त्या उतरवल्या. त्या लंडनला गेल्या, क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या, आणि १८६६ च्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही अनेक १८८५ साली लंडनमध्येच आगीत गेल्या. गिल १८७९ साली वारला आणि त्याची कबर भुसावळला आहे. भुसावळच्या जंक्शनावर गाडी बदलताना मला कधी कधी त्याची आठवण येते. कापडावरची चित्रे सुरक्षित ठिकाणी नेली ती जळाली, आणि डोंगरातली भिंत, अर्धी गळलेली का असेना, उभी आहे. पुढे १९२० ते १९२२ या काळात निजामाच्या सरकारने इटलीहून तज्ज्ञ बोलावले आणि त्यांनी चित्रे टिकावीत म्हणून त्यांवर लाखेचा थर दिला. तो थर पिवळा पडत गेला आणि त्याने खालचे रंग झाकोळले. त्या तज्ज्ञांनी निखळलेले पापुद्रे पुन्हा भिंतीला बसवून चित्रे वाचवली, हेही तितकेच खरे आहे, म्हणून मी त्यांना दोष देत नाही. पण टिकवणे म्हणजे झाकून ठेवणे, ही कल्पना आमच्या भिंतीला माहीत नव्हती. तिचे चित्र वर्षभर धुराने काळवंडे, पावसाळ्यात तिला लोणा लागे, खालचा नाग शेपटीकडून पोपडे होऊन गळे. आणि पुढच्या श्रावणात त्याच्यावर पोतारा फिरवून नवा नाग लिहिला जाई. जुने घर पाडताना भिंतीचा एक ढेकूळ माझ्या हाती आला होता. त्याच्या तुटलेल्या कडेला पांढरा आणि करडा असे थरावर थर होते आणि मधूनमधून गेरूची केसाएवढी तांबडी रेघ होती. मी त्या रेघा मोजायला बसले. सतरापर्यंत मोजल्या, आणि मग माती हातात भुरभुरली.

खान्देशात आणखी एक भिंत आहे, जिला कोणी भित्तिचित्र म्हणत नाही, आणि म्हणायला हवे असे मला वाटते. लग्नघराची भिंत. तालुक्याच्या गावाहून पेंटर येतो, दाराच्या दोन्ही अंगांना सोंड उचललेले हत्ती काढतो, वर तोरण, बाजूला मोर किंवा कळशा घेतलेल्या बाया, आणि ठळक अक्षरांत शुभविवाह, खाली चि. आणि चि. सौ. कां. अशी दोन नावे आणि तारीख. लग्न होऊन जाते, मांडव उतरतो, ती भिंत तशीच राहते. एस.टी.ने जाताना मी गावोगावच्या अशा भिंती वाचीत जाते. कुठे नावातले पहिले अक्षर उडालेले असते, कुठे हत्तीच्या पायाशी शेणाच्या गोवऱ्या थापलेल्या असतात, कुठे त्या दोन नावांखाली बसून एखादे पाच-सहा वर्षांचे मूल भाकरी खात असते. ती भिंत पुन्हा रंगवायची तर घरात पुन्हा लग्न निघावे लागते, किंवा कानबाईच्या, म्हणजे खान्देशातल्या श्रावणातल्या देवीच्या सणाच्या, आधी घर रंगवून काढावे लागते. आणि अनेक घरांत कानबाईच्या वेळीही बाकी सारी भिंत नवी होते आणि नावांचा चौकोन तेवढा सोडून देतात. पेंटर नावे लिहितो आणि हत्ती काढतो, असे आपण वेगवेगळे म्हणू. घरातल्या बाया “भीतवर लगीन लिखेल शे” असे म्हणतात. लग्न लिहिलेले आहे. चित्र आणि अक्षर यांच्यात त्यांनी भिंत घातलेली नाही.

याच्या तुलनेत शहरांत हल्ली जी भित्तिचित्रे होतात, त्यांच्याकडे पाहून माझे मन भरत नाही, आणि ते मी मोकळेपणाने लिहिते. स्वच्छतेच्या मोहिमेत आवारभिंती रंगवल्या जातात, पुलांचे खांब रंगवले जातात. भिंत घाण करण्यापेक्षा रंगवणे केव्हाही चांगले; रंगवणारी मुले उन्हात उभी राहून मनापासून काम करतात, हेही मी पाहिले आहे. परंतु त्यांना जो नमुना दिला जातो, तो जवळजवळ नेहमी वारलीचा असतो. वारली चित्र डहाणू-तलासरीच्या वारली समाजाच्या लग्नविधीतले. तेथे सुवासिनी तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहितात, त्यात पालघट देवी बसते, आणि तो चौक लिहिल्याशिवाय त्यांचे लग्न लागत नाही. ती त्रिकोणी माणसे तेथून उचलून आमच्याकडच्या आवारभिंतीवर तारपा या वाद्यावर नाचवत ठेवली, तर भिंत सजते, पण तिच्यावर काही लिहिले जात नाही. ज्या जिल्ह्यात कापसाची वेचणी आहे, केळीचे बाग आहेत, कानबाईचे रोट आहेत, आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे, झोके आहेत, तेथे भिंतीने हे का सांगू नये? या बाबतीत जिल्हा परिषदेच्या शाळांनी एक शब्द फार सुंदर दिला आहे : बोलक्या भिंती. पाढे, बाराखडी, नकाशे, फुलांची नावे यांनी भरलेल्या वर्गाच्या भिंती. चित्रकलेच्या दृष्टीने त्या साध्या असतील, पण तेथे बसलेले मूल ती भिंत वाचते.

आजोळचे घर आता सिमेंटचे आहे. भिंतींना प्लास्टिक पेंट आहे आणि तो पुसता येतो, याचे घरात सर्वांना सुख आहे, ते योग्यच आहे. पोताऱ्याचे कष्ट बायकांच्याच पाठीवर होते. दोन वर्षांपूर्वी नागपंचमीला मी गेले होते. मामेभावाच्या बायकोने नव्या भिंतीवर गेरू लावून पाहिला होता. तो धरला नाही, ओघळून फरशीवर आला. म्हणून घरामागच्या गोठ्याची एक जुनी मातीची भिंत तिने या एका दिवसासाठी राखून ठेवली आहे, म्हशीच्या दावणीच्या वरची, जेमतेम दोन हात रुंद. आदल्या दिवशी तिने ती पोतारली होती. सकाळी तिने गेरूची वाटी आणि कापूस गुंडाळलेली काडी माझ्यापुढे केली आणि म्हणाली, “ताई, यंदा तुमीच लिखा.”

मी लिहिले. पाच नाग, मधला मोठा, त्याच्या पोटाशी दोन पिले, डावीकडे वारूळ. हात पूर्वीसारखा स्थिर राहिला नाही, त्यामुळे दुसऱ्या नागाची रेघ मध्येच जाड झाली, आणि ओली भिंत कोठे आहे हे न कळल्याने शेपटीजवळ रंग थोडा पसरला. वहिनी मागे उभी राहून मोजत होती. चुन्याचे थेंब घालण्याची वेळ आली, तेव्हा तिने पदर डोक्यावरून घेतला, आणि मीही घेतला. उरलेल्या गेरूने तिने अंगणातल्या तुळशीवृंदावनाची कड भरून काढली.